गयाबाईच्या वावरातली माकडं

पुण्याहून निघताना वर्ध्याला एका संमेलनाला जातो, असं मी घरी सांगितलं. खरं कारण कोटाच्या आतल्या खिशात होतं. गिरडजवळच्या एका खेड्यातल्या मेश्राम मास्तरांचं ते पोस्टकार्ड मला भाद्रपदात आलं होतं आणि मी पौषात निघालो होतो. यावरूनच माझ्या हिमतीची कल्पना यावी.

कार्डावर चारच ओळी होत्या. ‘आपला दिवाळी अंकातील लेख हातात घेऊन दोन इसम आले होते. त्यांनी गयाबाईंची सर्व तरणी माकडे पिंजऱ्यांत भरून नेली. अशी माकडे औषधांच्या प्रयोगांसाठी परदेशी पाठवतात असे कळले. आपणांस माहीत असावे म्हणून कळविले.’

तो लेख मी दोन वर्षांपूर्वी लिहिला होता. विदर्भात भटकत असताना गयाबाईंबद्दल कानावर आलं आणि मी त्यांचं वावर (शेत) पाहायला गेलो. त्यांचे यजमान सर्कशीत माकडांची निगा राखत. सर्कस मोडली तेव्हा कामातून गेलेली म्हातारी माकडं त्यांनी घरी आणली. यजमान वारले, पण माकडं बाईंनी सांभाळली. पुढे गिरडच्या उरुसाला येणारे मदारीही आपली थकलेली माकडं त्यांच्याकडे सोडू लागले. तिथेच काही पिल्लं झाली. मी एक दिवस राहिलो, पोटभर जेवलो आणि परत येऊन एक विनोदी लेख लिहिला. तो वाचून पुण्यात लोक खूप हसले. रस्त्यात थांबवून हात मिळवणारे भेटले. त्या कौतुकावर मी वर्षभर जगलो.

या वेळी वर्ध्याला गाडी बदलून हिंगणघाटला उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. जिनिंगच्या कारखान्याबाहेर कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग लागली होती. रस्त्यावर, कुंपणावर, चहाच्या दुकानाच्या छपरावर सगळीकडे कापूस चिकटलेला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून बाजारातून पिशवीभर चणे घेतले. आपण निदान काहीतरी करतो आहोत, असं वाटून जरा बरंही वाटलं.

गिरडची मोटार समुद्रपूरच्या अलीकडे तापली. ड्रायव्हर डबा घेऊन नाल्यावर पाणी आणायला गेला आणि आम्ही सगळे उतरून पळसाखाली बसलो. दर्ग्याला निघालेल्या एका म्हातारीनं मला विचारलं, “तुमी काऊन चालले जी गिरडले? नवस हाये का?”

“नाही, सहज.”

“सहज इतक्या दूर कोनी येत नाई,” ती म्हणाली आणि पदरातली दोन बोरं माझ्या हातावर ठेवून दुसरीकडे बघत बसली. ती बोरं मला गोड लागली नाहीत.

मी येतो आहे असं कळवलं होतं, त्याप्रमाणे मास्तर फाट्यावर उभे होते. तिशीतला, शेलाट्या अंगाचा माणूस. वर्षभरापूर्वी नागपूरला जाऊन सगळ्या कुटुंबासह बौद्ध झालेला. गयाबाई त्यांच्या नात्यातल्या, म्हणून ते त्यांना आत्या म्हणतात. मी नमस्कार केला, त्यांनीही केला. मग त्यांची नजर पिशवीवर गेली.

“काय आहे त्यात?”

“चणे. माकडांसाठी.”

“हे माझ्या घरी ठेवू,” ते म्हणाले. “ते लोकही चणेच घेऊन आले होते.”

मी पिशवी त्यांच्या हातात दिली. पुढचा मैलभर आम्ही तुरीच्या शेतांमधून एकामागून एक चाललो.

गयाबाईंचं वावर टेकडीच्या पायथ्याला आहे. मोहाची पाच-सहा जुनी झाडं, एक विहीर, कुडाची झोपडी आणि पुढं शेणानं सारवलेलं अंगण. पूर्वी तिथं पाय ठेवला की चारी बाजूंनी कलकलाट व्हायचा. आता अकरा म्हातारी माकडं भिंतीला पाठ लावून उन्हात बसली होती. कुणाचे दात पडलेले, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. पिंजरे घेऊन आलेल्या त्या दोघांना ती नको होती.

त्यांच्यातली एक उठून माझ्याकडे आली, समोर उभी राहिली आणि कपाळाला हात लावून तिनं सलाम केला. हिचं नावच सलामी. हिला मदाऱ्यानं शिकवलेलं अजून आठवतं. माझं बोट धरून तिनं मला अंगणात नेलं. दोन वर्षांपूर्वीही तिनं असंच नेलं होतं.

“आले का जी बापू!” गयाबाई दारातून म्हणाल्या. साठीच्या, काटक, कासोटा घट्ट खोचलेला. “बसा. आधी जेवा.”

ज्वारीची भाकर आणि सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी होती, सोबत मिरचीचा ठेचा. त्या वाढत होत्या आणि मी खात होतो. माकडांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. हात धुतल्यावर मी शब्द जुळवू लागलो, तोच त्यांनी पेटीतून एक फडकं आणलं आणि सोडलं. आत माझा लेख असलेला दिवाळी अंक होता.

“मले वाचता येत नाई. मास्तर वाचते, पन मधातच खोकलते. दोनदा वाचलं, दोन्ही डाव तथीच खोकलला,” त्या म्हणाल्या. “तुमी लिवलं, तुमीच वाचा. सारं वाचजा.”

मास्तर जमिनीकडे बघत होते. मी वाचायला लागलो. टेकडीचं वर्णन, मोहाची झाडं, सर्कशीची हकिकत, तिथवर आवाज ठीक होता. पुढं एक वाक्य आलं आणि मी थांबलो.

“थांबले काऊन?”

“‘गयाबाईंचा चेहरा पाहिला,’” मी वाचलं, “‘की सांभाळणारे कोण आणि सांभाळलेले कोण, हे नवख्याला चटकन कळत नाही.’”

अर्थ लक्षात यायला त्यांना क्षणभर लागला. मग त्या हसल्या. “हे त माहा मालकबी म्हने,” त्या म्हणाल्या. “पुढं वाचा.”

पुढच्या परिच्छेदात वाट होती. कोणत्या स्टेशनवर उतरावं, कोणती मोटार धरावी, फाट्यापासून किती चालावं. त्याच्याखाली माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य होतं. पुण्यात ते लोकांना पाठ होतं. ‘मूठभर चणे दाखवले की ही मंडळी कुणाच्याही मांडीवर येऊन बसतात, उद्या एखाद्यानं पोत्यात भरून नेली, तरी पोत्यातून सलाम करतील.’

“पोत्याचं पुन्हा वाचा,” गयाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं.

“पोते नाई आनले त्यायनं. बांबूचे पिंजरे आनले,” त्या सावकाश म्हणाल्या. “गाडी तिकडं नाल्यात उभी ठेवलती. हातात हे पुस्तक होतं. मले वाटलं, बापूसारखे पाहाले आले. मीनं चा पाजला त्यायले. लेकरं झाडावर होते, त मीनंच हाक मारली. एकेकाले नावानं बोलावलं.” त्यांनी अंक माझ्या हातातून घेतला. “तवापासून मनात येऊन राह्यलं का चूक माही एकटीचीच, का आनखीन कोनाची. म्हनून ऐकाचं होतं.”

“चूक माझी आहे,” मी म्हणालो.

“हो,” गयाबाई म्हणाल्या.

त्यांनी अंक फडक्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. ‘जाऊ द्या’ त्या म्हणाल्या नाहीत. मी मात्र बराच वेळ ते ऐकायची वाट पाहत बसलो होतो. ते आठवलं की आजही मला माझी सगळ्यात जास्त लाज वाटते.

रात्री मी मास्तरांकडे मुक्कामाला होतो. सकाळी निरोप घ्यायला गेलो तेव्हा गयाबाईंनी ढेकळांनी भरलेली टोपली माझ्यापुढे ठेवली.

“बापू, जाच्या आंधी एक काम करा. आता हे येतीन तुमच्याजवय. आले का मारा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“यायले मानसाचं भेवच नाई. ते लोकं परत आले तं? मी मारलं तं मलेच भेतीन, मंग खातीन कोनाच्या हातानं? मास्तर रोजचा. अनोळखीच मानूस पाह्यजे.”

माकडं उतरली होती. नेहमीसारखी हात पुढे करून ती माझ्याकडे आली. मी एक ढेकूळ उचललं आणि मुद्दाम लांब टाकलं. एका माकडानं ते खायचं आहे की काय म्हणून हुंगून पाहिलं.

“असं नाई. लागलं पाह्यजे,” गयाबाई म्हणाल्या.

दुसरं मी नेम धरून मारलं. ते एका बोडक्या पाठीवर फुटलं. चीत्कार झाला, पळापळ झाली. तिसरं, चौथं, पाचवं. माझा हात सराईतासारखा चालू लागला. पाहता पाहता दहा माकडं मोहाच्या वरच्या फांद्यांवर गेली आणि तिथून दात विचकून माझ्याकडे बघू लागली.

सलामी गेली नाही. तिनं सलाम केला. मी मारलं, ते तिच्या खांद्याला लागलं. ती दोन पावलं मागं सरली आणि तिनं पुन्हा पुढं येऊन सलाम केला, या वेळी जास्त ताठ उभं राहून. मी आणखी एक मारलं. तिनं थोडा विचार केला आणि मग आखडलेल्या अंगानं जमिनीवर एक कोलांटी घेतली. उठताना तिचा तोल गेला. पुन्हा उभी राहिली, पुन्हा सलाम. आपलं काम चुकलं म्हणून मार बसतो आहे, एवढंच तिला मारातून कळत होतं.

माझ्या हातातलं ढेकूळ गळून पडलं. गयाबाईंकडे पाहिलं तर त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

“झालं,” त्या तशाच म्हणाल्या. “जा आता, मोटार चुकन.”

हिंगणघाटच्या फलाटावर एका सुखवस्तू गृहस्थांनी माझी चौकशी केली. त्यांनाही भटकायची आवड होती. “गिरडकडे दर्ग्याशिवाय पाहण्यासारखं काही आहे का?” त्यांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादी जागा लपवली. गाडी सुटल्यावर मनात आलं, की हेच दोन वर्षांपूर्वी सुचलं असतं तर ती पोरं आज मोहावर असती. त्यांची नावं मी कधी विचारलीसुद्धा नव्हती. घरी पोचल्यावर बायकोला संमेलन कसं झालं ते सांगावं लागलं असतं, म्हणून पहिल्यांदा सगळं खरं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि ती उठून आत गेली.

महिन्याभरानं मास्तरांचं कार्ड आलं. ‘आपण केलेल्या कामाचा उपयोग झाला. मागील आठवड्यात दोन अनोळखी माणसे आली असता माकडे लगेच झाडावर गेली. आत्याने आपणांस कळविण्यास सांगितले आहे. सलामी मात्र शिकली नाही. ती आलेल्या कोणाचाही हात धरते. म्हणून आत्याने तिला दिवसभर दोरी बांधून झोपडीत ठेवण्यास सुरुवात केली आहे. बाकी क्षेम.’

कार्डात मला कुठंही दोष दिलेला नव्हता. दिला असता तर उत्तर तरी लिहिता आलं असतं.