सोमालियाचा नऊ नंबर

"दादा, मी सोमालियाचा," असं म्हणून तो समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरायचा आणि तो माणूस निदान एकदा 'सोमालिया' म्हणेपर्यंत सोडायचा नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तो नाशिकरोडला कॉलेजात शिकायला आला आणि आमच्या गल्लीत खोली घेऊन राहिला. मराठी त्याने घरमालकिणीकडून उचलली. पुलावाबरोबर केळं खायचा. आम्ही नाकं मुरडली की विचारायचा, "तुम्ही पोळीशी शिकरण खाता ना?"

फुटबॉल मात्र नऊ नंबरची जर्सी घालून असा खेळायचा, की आमचा जेमतेम संघ त्या वर्षी फायनलला पोचला. मी संघाचा सेक्रेटरी, आणि माईकवर बोलायची मला भारी हौस. पत्रकावर मी बिनदिक्कत छापलं, 'नायजेरियन स्ट्रायकर'. त्या नावाला गर्दी होते. सोमालिया कोणाला माहीत?

पत्रक वाचून तो रागावला नाही. आपल्या देशात लढाई चालू आहे, सरकार उरलेलं नाही, देशाचा संघही कुठे खेळायला जात नाही, असं त्याने शांतपणे सांगितलं. मग म्हणाला, "गोल झाला तर देशाचं नाव घ्या. माझं नाही घेतलं तरी चालेल."

मी हो म्हटलं.

फायनलला पुण्याहून त्याचे आठ देशबांधव आले. तिकडे त्यांच्या टोळ्या एकमेकांवर बंदुका रोखून होत्या. इथे शिंप्याकडून शिवून घेतलेला निळा, पांढऱ्या चांदणीचा झेंडा धरून सगळे एका ओळीत उभे होते. एकलहऱ्याच्या संघावर शेवटच्या पाच मिनिटांत त्याने गोल मारला. मैदान उसळलं आणि मी माईकवर ओरडलो, "नायजेरियाचा वाघ!" लोकांनी तेच उचललं. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही ओरडला असता. मी आणखी दोनदा म्हणालो. पहिल्यांदा चूक झाली असेल, पुढचं टाळ्यांसाठी होतं.

बक्षीस घेताना त्याने माईकसाठी हात पुढे केला. "दोनच शब्द, दादा." पाहुण्यांना घाई आहे, असं सांगून मी माईक पाहुण्यांच्या हातात दिला. त्यांनीही नायजेरियाचं अभिनंदन केलं. खाली ते आठ जण कोपऱ्याला कोपरा जुळवून झेंड्याची घडी घालत होते.

महिन्याभरात तो पुण्याला निघून गेला.

पुढे कितीतरी वर्षं लोक विचारत राहिले, "तुमचा तो नायजेरियन कुठे असतो हो?" तेव्हा तरी मी खरं सांगायला हवं होतं. पण मग फायनलला माईकवर काय बोललात, असं कोणी विचारलं असतं. स्वतःची लाज वाटते, पण मी एवढंच म्हणायचो, "पुण्याला."