चेकवाल्यासाठी टिकाऊ माणूस

माझ्या धाकट्या भावाच्या कपाटात बॉक्सिंगची सहा सुवर्णपदकं आहेत आणि त्यातल्या पाचांसाठी त्याने एक ठोसासुद्धा मारलेला नाही. हे मी आईसमोर बोलले की ती दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाही. पण खरं ते खरं. आमच्या लालबागच्या चाळीतले सगळे पुरुष साडेपाच फुटांत आटोपतात आणि हा एकटा कुणावर गेला देव जाणे, सहा फूट तीन इंच, वजन शंभर किलो. हेवीवेट गटात जिल्ह्यातून नाव द्यायला दुसरं कुणी नसायचंच. असलंच, तर वजनकाट्यापाशी याला बघून त्याला नेमका ताप भरायचा. मग पंच याचा हात वर करून वॉकओव्हर म्हणायचे आणि आमचं ध्यान गळ्यात पदक अडकवून घरी यायचं. आई दृष्ट काढायची.

व्यावसायिक झाल्यावर दोन लढती झाल्या. पहिल्या लढतीतला गडी पहिल्या राऊंडनंतर स्टुलावरून उठलाच नाही, दुसरा दोन मिनिटांत आडवा झाला. म्हणजे कागदावर माझा भाऊ अपराजित. वय एकतीस, लोअर परळच्या एका मॉलमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर आणि अपराजित.

त्याची सगळी ईमेलं माझ्या फोनवर येतात. ‘ताई, तुझं इंग्लिश चांगलंय’ असं एकदा लाडात म्हणाला, तेव्हापासून त्याचे फॉर्म, फोटो, रक्ताचे रिपोर्ट सगळं माझ्या गळ्यात. मी नोकरी करते, घर बघते, वर याची मॅनेजर. तर एक दिवस दिल्लीच्या एका एजंटाचं मेल आलं. चेक प्रजासत्ताकातल्या एका हेवीवेट बॉक्सरसमोर सहा राऊंडची लढत, त्याच्याच गावात. विमान त्यांचं, हॉटेल त्यांचं.

झालं. चाळीला निमित्तच हवं असतं. चार दिवसांत नाक्यावर फ्लेक्स लागला, त्यावर भावाचा मुठी वळलेला फोटो आणि खाली ‘चेकोस्लोव्हाकिया दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा’. मजकूर तळमजल्यावरच्या निवृत्त गिरणीकामगार काकांनी सांगितलेला. त्यांच्या खात्यात म्हणे त्या देशाचं एक मशीन होतं आणि ते कधी बिघडलं नाही. मी म्हटलं, काका, तो देश फुटून जमाना झाला. ते म्हणाले, मग काय झालं, गिरण्या बंद पडल्या तरी आपण गिरणगावच म्हणतो ना. कप्पाळ!

मला मात्र खाज असते. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून मी फोनवर त्या चेकवाल्याची सगळी कारकीर्द वाचायला घेतली. महिनाभर तेच. बारा लढती, बाराही जिंकलेल्या, सगळ्या त्याच्या घराच्या आसपासच्या हॉलमध्ये. आधी मीही दबकले. मग एकेका प्रतिस्पर्ध्याचं नाव दाबून बघायला लागले. एक चाळिशी उलटलेला. एक आधीच्या आठ लढती ओळीने हरलेला. एकजण तर दोन वर्षं रिंगणात उतरलाच नव्हता. जत्रेतल्या नेमबाजीच्या फुग्यांसारखे ओळीने लावलेले सगळे. पुढच्या वर्षी त्याला किताबासाठी लढायचं होतं आणि त्याआधी जरा जास्त वेळ मार खाणारा कुणीतरी सरावाला हवा होता.

खात्री करायला एजंटाला फोन केला. त्याने लपवलंही नाही. म्हणाला, “मॅडम, लड़का टिकेगा ना? उनको टिकाऊ आदमी चाहिए.”

टिकाऊ! बादली घेताना विचारतात तसं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन आईला सांगितलं, तर तिने कुकरची शिट्टी लावता लावता मालवणीत मलाच झापलं, “माझ्या झिलाक भायल्या देशातसून बोलावणा इला, तुझ्या पोटात कित्या दुखता?” परळच्या व्यायामशाळेतले त्याचे सर म्हणाले, सगळे असेच सुरू करतात. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं आणि मीच एकटी शहाणी.

शेवटी भावालाच गाठलं. गॅलरीत बसून उकडलेली अंडी सोलत होता. मी एका दमात सगळं सांगितलं. तुला जिंकायला नाही, हरायला नेतायत. तुझ्या अंगावर तो प्रॅक्टिस करणार. नाही म्हण, मी कळवते. त्याने सहावं अंडं सोलून होईपर्यंत ऐकून घेतलं.

“माहितीये मला, ताई,” तो म्हणाला. “पण इथे मला हरवायलासुद्धा कुणी नाहीये गं. एकदा तरी कोणीतरी समोर उभं राहू दे.”

या माणसापुढे मी हात टेकले. व्हिसाचा फॉर्म मीच भरला. प्रवासाचा हेतू या रकान्यात ‘मार खाणे’ लिहायचं तेवढं बाकी ठेवलं.

लढत आपल्याकडच्या रात्री साडेआठला होती. ऑफिसचा लॅपटॉप आमच्या खोलीत टेबलावर ठेवला आणि खोलीत मावेनात इतकी माणसं आली. तो चेकवाला पहिल्यांदाच हलताना दिसला. मला वाटलं होतं माजोरडा असेल. तर वाकड्या नाकाचा, थोडा थकलेला, कामावर आलेल्या माणसासारखा दिसत होता. दुसऱ्या राऊंडमध्ये त्याने भावाला असा ठोसा हाणला की हा गुडघ्यांवर आला. आई उठून मोरीकडे गेली ती गेलीच. तिथून विचारत राहिली, “उठलो काय माझो झील?” मी म्हटलं, उठलो. चौथ्यात परत तेच. पाचव्यात मात्र आमच्या ध्यानाने त्याला दोऱ्यांवर नेऊन दाबलं आणि तिथला हॉल अख्खा गप्प झाला. सहाव्यात दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून नुसते श्वास घेत होते. चेकवाला त्याच्या कानात काहीतरी बोलला. मग गुणांवर आमचा हरला. तोंड रक्ताने माखलेलं आणि तो हसत होता. सहा पदकांपैकी एकाही पदकाला तो असा हसला नव्हता.

परत आला तो डाव्या भुवईवर टाके घेऊन. चाळीने ढोल वाजवले. मी दुसऱ्या दिवशी त्याला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाल्या, पडदा एका जागी कमजोर झालाय, पुन्हा असा मार बसला तर डोळ्याची मी खात्री देत नाही. हा म्हणाला, “बरं.” चहात साखर कमी घाला म्हटल्यावर म्हणतात तसं बरं.

तीन महिन्यांनी मेल आलं. चेकवाल्याला तोच हवा होता. या वेळी आठ राऊंड. त्यात असंही लिहिलं होतं की, आमच्या माणसाने स्वतः सांगितलंय, इतक्या वर्षांत मला खरं लढायला लावलं ते यानेच. मी ते ऑफिसच्या जिन्यात उभी राहून तीनदा वाचलं. भाऊ तेव्हा मॉलमध्ये ड्युटीवर होता. मी उत्तर लिहिलं, डोळ्याच्या दुखापतीमुळे त्याने बॉक्सिंग सोडलं आहे, आभारी आहोत. पाठवलं आणि त्यांचं मेलही पुसून टाकलं. त्याला विचारलं नाही. विचारलं असतं, तर तो गेला असता.

चेकवाला किताबाची लढत हरला. तिसऱ्याच राऊंडमध्ये. मग अजून एक हरला आणि मागच्या महिन्यात त्याने निवृत्ती जाहीर केली. ही बातमी भावानेच मला दाखवली, जेवायला बसलो होतो तेव्हा. ताटात भात तसाच ठेवून तो फोनकडे बघत राहिला.

“मला वाटलं होतं तो परत बोलवेल,” तो म्हणाला. “तेव्हा कानात ‘अगेन, अगेन’ म्हणाला होता. बहुतेक मी तेवढा चांगला नव्हतो गं, ताई.”

त्याचे दोन्ही डोळे माझ्याकडे होते, दोन्ही शाबूत. सांगून टाक, सांगून टाक, असं मी स्वतःला म्हणत होते. आणि तोंडातून निघालं ते काय निघालं.

“असेल,” मी म्हटलं.