प्रेसच्या पेटीत माझाच आवाज

“ओ बुढेबाबा, निंघा ना बाहेर! दोन मिनिटं म्हंजे दोन मिनिटं. अर्धा घंटा झाला तुमाले!”

गार्ड बाहेरचा अडसर काढून पेटीच्या दारावर थापा मारत होता. बाहेर रांग लागली होती. एरवी मी सांगितलं असतं की रांगेचं शेपूट पार जलंब स्टेशनाला टेकलं होतं. पण आज आहे तेवढंच सांगणार. नऊ-दहा माणसं होती. आणि अर्धा घंटा नाही, सात-आठ मिनिटं झाली असतील. गार्डही आमच्याच भागातला, वाढवून सांगणारच.

“लोकं खोळंबली ना बे!” एवढ्यात ‘निंघा’वरून ‘बे’वर आला. माझ्या पोराच्या वयाचा असेल.

मी निघालो नाही. अंधारात गुडघे पोटाशी घेऊन बसलो होतो. डोक्यावरच्या स्पीकरमधून माझाच आवाज येत होता. मी हसत होतो त्यात. खदाखदा.

खामगावचा हा जिन, कापसातली सरकी काढून रुई करायचा कारखाना, बंद पडला त्याला बरीच वर्षं झाली. आता तिथं कलेचं म्युझियम केलं. आधुनिक कलेचं. भिंती जुन्याच ठेवल्या, पण अशा घासल्या की जिथं रुईच्या फुफाट्यात आम्हाला शेजारचा माणूस दिसत नव्हता, तिथं आता मुंगी शिंकली तरी दिसेल. सरकीच्या गोदामात कॉफी मिळते.

मी इथं अठरा वर्षं रुई तुडवली. रुईची गाठ, म्हणजे गठ्ठा, बांधायची प्रेस असते, तिच्या खाली पत्रा ठोकलेली लाकडी पेटी. दीड पुरुष खोल. शिडीनं आत उतरायचं, वरून रुई टाकत राहतात, आपण पायानं दाबत वर यायचं. पेटी भरली की आपण बाहेर, आणि मग मशिनचा दट्ट्या खाली येऊन गाठ आवळतो. गाठ काढायला बाजूला दार. अडसर बाहेरून.

तीच पेटी आता कला झाली. पाटीवर नाव आहे ‘दाब’. एकेकानं आत जायचं, दार बंद, दोन मिनिटं अंधार, आणि कामगाराची आठवण ऐकायची. आठवण माझी.

झालं असं, की दोन वर्षांखाली म्युझियमच्या मॅडम घरी आल्या. पुण्याच्या. बाई भली. मोबाइल पुढं ठेवला आणि म्हणाल्या, काका, जिनातला एखादा किस्सा सांगा. मला किस्सा सांग म्हणणं म्हणजे बैलाला हिरव्या ज्वारीत सोडणं. मी माझा ठेवणीतला काढला. चाळीस वर्षं लग्नात, बारशात, एसटीत सांगत आलेला.

तो असा. मी पेटीत रुई तुडवता तुडवता झोपलो. कोणी पाहिलं नाही, प्रेस चालू केली, रुईसकट माझी गाठ बांधली. वरून पट्ट्या आवळल्या, मार्का मारला, गाडीत घातली. मुंबईच्या गोदीत विलायतेच्या साहेबानं नमुना काढायला सुई खुपसली, तर आतून आवाज, “सायेब, बिडी हाय का?” साहेब म्हणाला, असा लांब धाग्याचा कापूस उभ्या वऱ्हाडात पाहिला नाही. पोस्टानं परत पाठवलं मला.

मॅडमच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

बुलढाण्याला माझी पोरगी कॉलेजात शिकवते. तिनंच मला इथं आणलं. बाबा, तुमची गोष्ट लावली म्हणे, चला. नवा सदरा घालून आलो. छाती फुगवून पेटीत शिरलो. मागून दार लागलं. अडसर पडल्याचा आवाज आला.

तो आवाज ऐकला आणि मी खाली बसलो.

झोप. कसली झोप? मला झोप लागली नव्हती.

उन्हाळा होता. मी वीस वर्षांचा. आम्ही बौद्धवाड्यातले, आमचं पिण्याचं पाणी बायलरच्या मागच्या टाकीत. चहा टाकावा असं गरम. ऑफिसच्या ओसरीत ओलं पोतं गुंडाळलेला माठ होता, तो बाकीच्यांचा. त्या दिवशी जीव कासावीस झाला आणि मी त्या माठातलं पाणी प्यालो. गळ्याखाली उतरायच्या आत मुनीम ओरडला. छोटे शेठ बाहेर आले. माझ्याच वयाचे. कॉलेजातून सुटीला आलेले. म्हणाले, “याले लय गरम होते. घाला पेटीत.”

घातलं. शिडी ओढून घेतली. दार बाहेरून लावलं. वरून शेठ ओरडले, चालू करा रे प्रेस. मशिन सुरू झालं. दट्ट्या हलला नव्हता म्हणे. आत असलेल्या माणसाला ते कसं कळावं? मी वर बघत होतो. मालक, चुकलो, म्हणालो. एकदा नाही. किती वेळा ते मोजलं नाही. पँट ओली झाली. वर सगळे हसत होते. आमच्या वाड्यातले दोघं होते त्यांत.

दार उघडलं. मी बाहेर आलो आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो.

त्याच आठवड्यात झोपेची गोष्ट सुरू केली. पाणी मीच काढून टाकलं त्यातून. माठ काढला, शेठ काढले, ओली पँट काढली. साहेब घातला, बिडी घातली. लोक हसले की वाटायचं, सुटलो. कुठला सुटलो! चाळीस वर्षं मी त्याच पेटीत बसून लोकांना हसवत होतो.

शेवटी गार्डनं दार ओढून उघडलं. उजेडात तो, मॅडम, पोरगी. आणि मागून पाहुण्यांना घेऊन छोटे शेठ आले. म्युझियम त्यांचंच. केस पांढरे, खादीचा झब्बा. मला बघून खूश झाले.

“काय रे, पुन्हा झोप लागली का?”

पाहुणे हसले. शेठ मस्करी करत नव्हते. त्यांना खरंच तेवढंच आठवत होतं. माझी गोष्ट त्यांनाही पटली होती.

मी बसल्या जागेवरून म्हणालो, “झोप नव्हती लागली. तुमच्या माठातलं पानी पेलो होतो. तुमीच कोंडलं होतं.”

आणि सांगितलं सगळं. शिडी, मशिन, चुकलो मालक, ओली पँट. मीठ नाही, मसाला नाही. असं सांगायची सवय नव्हती. वर स्पीकर चालूच होता. त्यातला मी बिडी मागत होता.

शेठ म्हणाले, अरे, वय होतं ते, मस्करी होती. मग म्हणाले, “तू बी हसला होता ना.”

“हसलो होतो. थे हसनं बंद करा. मंग निंघतो.”

मॅडमनी कुठंसं जाऊन बटण दाबलं. आवाज थांबला. मी भिंतीला धरून उठलो. बाहेर पोरगी उभी होती. ही गोष्ट ऐकत ती जेवायची लहानपणी.

“बाबा, मले कधी सांगतलं नाई तुमी.”

“तू हासे,” मी म्हणालो.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन. आवाज पडलेला. काका, मी खूप प्रयत्न केला. तुमची खरी आठवण लावायला शेठ तयार नाहीत. जुनी तुम्हाला नको. म्हणून आता आत काहीच लावत नाही, नुसती शांतता. शांतता जास्त बोलते, असं सगळ्यांचं मत पडलं.

मी ऐकून घेतलं. शांतता काय बोलते ते मला माहीत आहे. मी तिच्यात बसलेलो आहे. मी म्हणालो, मॅडम, तुमची शांतता राहू द्या आत. मी दाराशी उभा राहीन. जो बाहेर येईल त्याला सांगेन, पाण्यापासून. रोज. गार्डनं हाकललं तर फाटकाबाहेर उभा राहून सांगेन.



“उद्या किती वाजता उघडता?” मी विचारलं.

“अकरा वाजता,” मॅडम म्हणाल्या.