झाडूचं वाण

आमच्या विनोदिनी काकीचं लग्न रायपुरातल्या गुढियारीच्या जुन्या धर्मशाळेत लागलं. पाऱ्यातल्या, म्हंजे मोहल्ल्यातल्या, गरिबायची सारी लग्नं तिथंच लागत. मंग ते बंद पडली, कबुतरं राहू लागली. रायपूर राजधानी झालं आन् एका शेठले तिथं हॉटेल पाहिजे झालं. अर्धा पारा म्हणे, होऊ द्या, पोट्ट्यायले नोकऱ्या भेटतीन. काकी म्हणे, "आन् पोरीयची लग्नं काय रोडवर लावता?"

जागा कोणी वापरते का, हे पाहाले संक्रांतीनंतर सरकारी साहेब येणार होते; पडीक निघाली तं शेठले भेटणार होती. काकीनं त्याच दिवशी तिथं हळदीकुंकू ठेवलं. शेठाणीलेही घरी जाऊन बोलावणं देऊन आली. आन् वाण म्हणून बायायले झाडू दिला.

"झाडू कोणी वाणात देते का वो?" काकीचा नवरा, नरहर काका म्हणे.

"वाणाले नाही कोण म्हणते, पाहातेच ना मी."

कोणीच नाही म्हणलं नाही. छत्तीसगढी दीदी, सिंधी भाभी, साऱ्या पदर खोचून आंगण झाडाले लागल्या. दुपारी साहेब आले तं आंगण लख्ख, दोनशे बाया तिळगूळ खाऊन राहिल्या.

शेठ म्हणे, "साहब, ये तो बरसों से खाली पड़ा है."

काकीनं शेठाणीले कुंकू लावलं, हातात झाडू दिला. "भाभी, वो कोना आपका."

शेठाणी हासत हासत झाडाले लागली. साहेबानं लिहिलं, जागा वापरात आहे.

हॉटेल दुसरीकडं झालं. काकी आता नाही. पण जाईपर्यंत त्या धर्मशाळेतून तिनं एक्कावन पोरी सासरी धाडल्या.