भावाने न घातलेली वर्दी

वुडलँड्सच्या आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं दोनच, एक आमचं आणि एक सुलभाचं. इथे परदेशात पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, असलेल्या मुलग्यांनाही दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. म्हणून सुलभाने थोरल्या रुचिरचं पीआर भरतीचं वय होण्याआधीच सोडून दिलं आणि त्याला पुण्याला मामाकडे धाडलं. "माझं पोर काय चिखलात लोळायला जन्माला आलंय?" असं भिशीत सगळ्यांसमोर म्हणाली होती. वर तिने स्वतः, नवऱ्याने आणि धाकट्या मुलीने, किमयाने, इथलं नागरिकत्वही घेतलं. निर्लज्जपणाला काही सीमा!

किमया आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज चालू असतानाच तिने लष्कराच्या स्कॉलरशिपसाठी अर्ज केला. वर्षभर धावली, बारला लोंबकळून तळहातांना घट्टे पाडून घेतले आणि शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली. तिथे एका अधिकाऱ्याने हसून विचारलं, "भाऊ कुठल्या युनिटमध्ये होता?"

पोरीने खरं ते सांगितलं. पुढच्या आठवड्यात नकार आला. कारण दिलं नव्हतं.

मी भेटायला गेले, तर सुलभा शिऱ्यासाठी रवा भाजत होती. "सुटले बाई! वर्दीतल्या पोरीला स्थळ कुठून आणायचं?"

किमया समोरच बसली होती. 

"आणि तोंड पाडून बसू नकोस. उद्या रुचिर सुट्टीला येतोय, तुझी खोली त्याला आवरून दे."

किमया उठून आत गेली. मागून सुलभा ओरडली, "गादी जाड घाल गं, त्याला टोचतं!"