शकीला आपानं ढेकर पकडली

पहिल्यांदा पाह्यलं न, तवा मले वाटलं, बाप्पा, केवढी घमेंडी बाई! हसू येते आता. राजापेठेत नवीनच राहाले आली होती मी. बांगड्यांच्या दुकानात जाऊन इचारलं, "आपा, हिरव्या दाखवता का?" तं शकीला आपा नुसती पाहे. हूं नाई का चूं नाई. मंग कळलं, तोंडात पोळीचा घास होता! घास पातळ होईस्तोवर ही बाई बोलतच नाई. बरोबर हाये, पोट्टेहो. लाळ पोळीले तोंडातच गोड कराले लागते. अन् गिळतानी श्वासाच्या नळीवर झाकण पडते. बडबड केली का झाकण हुकते, लागला ठसका! तुमी रोजच करता म्हना.

आपाची जिगरी म्हणजे शकुन. बाजूच्याच दुकानात शिलाई करते. तिले ॲसिडिटी झाली, डाक्टरनं तळलेलं बंद केलं. शकुन रडाले लागली तं आपा म्हने, "मी बी कचोरी सोडते. तू एकटी काहून तरसशीन?" आपाचं पोट ठणठणीत, अन् कचोरी म्हणजे तिचा जीव! महिनाभर कचोरीच्या गाडीसमोरून ओढणी नाकाले लावून जाये. फक्त शेजारच्या रश्मीच्या पोराच्या बारशाले दोघींनी सूट घेतली.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, मी दुकानात बसली होती. शकुन आली, अन् दिली मोठ्ठी ढेकर! हिंगाचा भपकाच.

आपाचा हात थांबला. "शकुन, कचोरी?"

"अवं आपा, ते बारशाची हाये. कालची!"

झालं! नात यास्मीनचा पचनाचा धडा आपा रोज घोकून घेते, हे शकुन इसरली.

"कालची? अन्ननळीनं घास ढकलत ढकलत जठरात नेला. जठरानं आंबट रस टाकून घुसळला, तीन-चार तास. तेलकट असन तं आणखी थोडं. मंग लगदा लहान आतड्यात. तिथं पित्त तेल फोडते, सत्त्व रक्तात जाते. उरलेल्यातलं पाणी मोठं आतडं शोषते, अन् सकाळी—"

"आपा, गिऱ्हाईक हाये!"

"गिऱ्हाईकाले आतडं नाई का? ढेकर जठरातून येते. कालची कचोरी कवाची पुढं गेली. हे आजची!"

शकुन खाली पाहे. "दुपारी खाल्ली. अर्धीच."

आपाचे डोळे भरले. "मी कोनासाठी सोडली वं? माह्यं पोट तं दगड पचवते. महिनाभर मी नाक दाबून चालली, अन् तू मशीनमागं लपून?" तिनं पाठच केली.

शकुन पुटपुटली, "अर्धीच होती पन."

आपा वळली. "मंग बाकीची अर्धी दाखव."



"आख्खी होती, आपा. चटनीसंगट."