रात्रपाळीची गादी

बायको गेल्यावर सोसायटीतले लोक भेटायला आले. मान खाली घालून बसले, पण उठताना प्रत्येकाने एकदा जिन्याकडे बघून घेतले. आमच्या घराखालच्या त्या जिन्याखाली एक माणूस झोपायचा. धुळ्याकडचा, जवळच्या मसाट गावातल्या कारखान्यात कामाला. बायको त्याला सकाळचा चहा द्यायची. ती गेल्यावर तो मी देऊ लागलो. मला तेवढेच एक काम उरले होते.

"काका, तुम्ही आता एकटे," सेक्रेटरी म्हणाला, "आणि हा अगदी तुमच्या दाराखाली. आम्हाला टेन्शन येतं."

मला टेन्शन येत नव्हते. त्या दिवसांत मला झोपही येत नव्हती.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा झाली. विषय, बेघरांचा प्रश्न. अध्यक्ष कोकणातून इथे सरकारी नोकरीला आलेले, निवृत्त होऊन इथेच राहिलेले. त्यांनी सुरुवातच माझ्यापासून केली. सरांसारख्या दुःखी, एकाकी माणसाची सुरक्षितता ही आपली जबाबदारी. सगळ्यांनी माझ्याकडे कळवळून पाहिले. माझे सुतक संपले होते, पण त्यांच्या कामाला ते अजून येत होते.

ठरले असे, की त्याला एक ब्लँकेट द्यायचे आणि शेजारच्या सामरवरणी गावात कुणाच्या तरी ओळखीने काम लावून द्यायचे. मग त्याला बोलावले. तो हातात डबा घेऊन आला.

"काम का करत नाहीस?" अध्यक्षांनी विचारले.

"कामावरच चाललो ना साहेब. आज ओव्हरटाइम आहे."

कुणीतरी हसले. तो सांगू लागला. चाळीत दोघांत एक गादी. दुसरा दिवसपाळीला जाई, हा रात्रपाळीला. एक उठला की दुसरा आडवा. मग कारखान्याने रात्रपाळी बंद केली आणि याला दिवसपाळीत घेतले.

"चाळमालक म्हणतो, तुझी गादी दिवसाची. दिवसा येऊन झोप. दिवसा मी मशीनवर. रात्री त्या गादीवर दुसरा."

"मग दुसरी खोली बघ."

"एकट्याले कोणी देत नाही. म्हणतात, आधी बायकापोरं आण. बायको म्हणते, आधी खोली घे."

या वेळी कुणी हसले नाही. वाटले, आता समजले असेल. समजलेही असेल. तरी सभेने जिन्याखाली कुंड्या ठेवायचे ठरवले. सहानुभूती आहेच, पण जिना सगळ्यांचा आहे. दुपारपर्यंत सिमेंटच्या कुंड्या आल्या, माती नसलेल्या.

तळमजल्यावर सोसायटीची एक खोली आहे. तिच्यात गणपतीचे थर्माकोलचे मखर असते. उत्सवाचे सामान बायको सांभाळायची, म्हणून चावी आमच्याकडे.

"मखराला खोली आहे," मी सेक्रेटरीला म्हणालो. "माणसाला द्या."

"काका, देवाचं सामान आहे ते."

"देवाला आपण दरवर्षी बुडवतो. मखर तेवढं जपतो."

तो गेला, ते अध्यक्षांना सांगायलाच.

संध्याकाळी तो माणूस आला आणि कुंड्यांपुढे डबा धरून उभा राहिला. मी त्याला वर बोलावले. म्हणालो, घरात एक खाट रिकामी आहे.

"घरात नको आबा," तो म्हणाला. "उद्या तुमचा चमचा सापडला नाही, तर हे लोक माझंच नाव घेतील."

खोटे म्हणता आले नाही. मी त्या लोकांत वीस-एक वर्षे राहतो.

मग आम्ही दोघांनी खालची खोली उघडली. मखर उचलून वर आणले आणि बायकोच्या खाटेवर आडवे ठेवले. दुसरीकडे ते मावत नव्हते. त्याने खोली झाडली, वळकटी आत नेली आणि आतून कडी लावली. त्या कडीचा आवाज मला वर ऐकू आला.

सकाळी तो कामावर गेला, मी खोलीला कुलूप लावून वर आलो, तर थोड्या वेळाने सेक्रेटरी दारात.

"काका, खोलीची चावी?"

"बायकोकडे असायची," मी म्हणालो.

त्याने लगेच, बायको गेल्यावर भेटायला आला होता तेव्हाचा चेहरा केला. "हो, हो. शोधा मग सावकाश."

"शोधतो."

तो दर रविवारी विचारतो. मी मान खाली घालतो. मग त्याला पुढे बोलता येत नाही. चावी माझ्या सदऱ्याच्या खिशात असते.